शीव कोण ठरवतं?

जगाचा नकाशा उघडा आणि अमेरिकेतलं कोलोरॅडो शोधा. पट्टी ठेवून आखावा तसा सरळ चौकोन. आता भारताकडे या आणि महाराष्ट्र पाहा. एकही बाजू सरळ नाही. बेळगावजवळ आत गेलेला खळगा, अक्कलकोटकडे बाहेर आलेलं टोक, वायव्येला गुजरात आणि दादरा-नगर हवेलीची गुंतागुंत. इथे शाळेत शिकणारी आपली मुलं भूगोलाचं पुस्तक घेऊन विचारतात, "आपलं राज्य असं वेडंवाकडं का?" हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचं उत्तर साधं नाही. मराठी वाचताना अडखळत असाल तर हा लेख घरातल्या मोठ्यांकडून वाचून घ्या. त्यांच्या आठवणीही आपोआप बाहेर येतील.

उत्तर थोडक्यात असं आहे. सरहद्द आखताना हातात कोणतं माप घेतलं, त्यावर तिचा आकार ठरतो. कोणी अंश मोजतं, कोणी रुपये, कोणी जिल्हे, कोणी खेडी. आणि माप बदललं की आकाराबरोबर माणसंही इकडची तिकडे होतात.

अंशांची रेघ

कोलोरॅडोची हद्द १८६१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बसून ठरवली गेली. उत्तरेला ४१ अंश, दक्षिणेला ३७ अंश, पूर्व-पश्चिमेला दोन रेखांश. नदी, डोंगर, वस्ती यांचा विचार नाही. त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या यूट आणि इतर मूळ रहिवाशांना विचारण्याचा तर प्रश्नच आला नाही. जमीन रिकामी आहे असं एकदा मानलं की रेघ सरळ मारता येते.

पण कागदावरची रेघ जमिनीवर उतरवायला माणसंच लागतात. साखळी, होकायंत्र, ताऱ्यांचे वेध आणि खूप चालणं, एवढ्यावर हे काम चाले. त्यात चुका होणारच. म्हणून कोलोरॅडोच्या 'सरळ' बाजू जवळून पाहिल्या तर त्यांना शेकडो बारीक वळणं आहेत. चार राज्यं एका बिंदूत मिळतात तो प्रसिद्ध 'फोर कॉर्नर्स'चा दगड, जिथे प्रवासी दोन हात आणि दोन पाय चार राज्यांत टेकवून फोटो काढतात, तोही कायद्यातल्या मूळ जागेपासून सुमारे ५५० मीटर पूर्वेला आहे. पुढे अधिक अचूक मोजणी झाली, न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो यांच्यात वाद पेटला आणि १९२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १८६८ ची जुनी मोजणीच खरी. दगड जिथे रोवला आणि लोकांनी जिथे मानला, तीच हद्द. मोजणीतली चूक कायदा झाली.

हे तत्त्व लक्षात ठेवा, पुढे लागेल. नकाशा आणि दगड यांत भांडण झालं तर दगड जिंकतो.

आपल्या पायाखालची हद्द

आता अमेरिका सोडून आपल्या कॅमडेनमध्ये या. आपण ज्या बरोमध्ये राहतो तो १९६५ मध्ये हॅम्पस्टेड, सेंट पँक्रस आणि होबर्न हे तीन जुने बरो जोडून तयार झाला. त्याआधीची हद्द मात्र शेकडो वर्षं जुन्या पॅरिशांची, म्हणजे चर्चच्या गावकीची. सेंट पँक्रसची पॅरिश अरुंद आणि लांबच लांब, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या जवळपासून थेट हायगेटपर्यंत सुमारे चार मैल. आजच्या कॅमडेनचा लांबुळका आकार बराचसा तिथूनच आला.

किलबर्न हाय रोडवरून चालताना एक फुटपाथ कॅमडेनचा असतो आणि समोरचा ब्रेंटचा. ही हद्द मात्र चांगली सरळ, कारण तो मुळात रोमन रस्ता आहे, जुनी वॉटलिंग स्ट्रीट. रोमन लोकांनी रस्ता सरळ बांधला आणि पुढच्यांनी त्यालाच हद्द मानलं. सेंट जॉन्स वुडकडे 'बाउंडरी रोड' नावाचाच रस्ता आहे, एका बाजूला कॅमडेन, दुसऱ्या बाजूला वेस्टमिन्स्टर. हायगेट गाव तर कॅमडेन, हॅरिंगे आणि इझलिंग्टन अशा तीन कौन्सिलांत विभागलेलं. शेजारी-शेजारी राहणाऱ्यांचा कचरा वेगवेगळ्या दिवशी उचलला जातो, त्याचं मूळ हे असं जुन्या हद्दींत असतं.

नकाशे नव्हते तेव्हा या पॅरिशांची हद्द कशी टिकत होती? वर्षातून एकदा, ईस्टरनंतरच्या ठरावीक दिवसांत, गावकरी हद्दीवरून चालत जात. वेताच्या छड्यांनी हद्दीचे दगड बडवत. बरोबर लहान मुलं नेत आणि त्यांना दगडावर आपटत, कधी छडीही मारत, म्हणजे म्हातारपणापर्यंत जागा लक्षात राहावी. साहेबाच्या देशातही हद्द मुळात माणसांच्या आठवणीत होती. हॅम्पस्टेड हीथवर फिरायला गेलात तर दोन पॅरिशांमधले जुने हद्दीचे दगड शोधा. मुलांना आपटू नका, फोटो काढला तरी पुरे.

गावची शीव आणि ती जाणणारा

आपल्याकडे याच गोष्टीला शीव म्हणतात. शीव म्हणजे नुसती रेघ नव्हे. ओढा, वडाचं झाड, शेंदूर लावलेला दगड, टेकडीची सोंड अशी खुणांची ती माळ असते. शिवेच्या आत शिवार, शिवारात गावठाण. दसऱ्याला आपण सोनं लुटतो ते सीमोल्लंघन करून, म्हणजे शीव ओलांडून. सण साजरा करायलाही आधी शीव कुठे आहे ते ठाऊक असावं लागतं.

दोन गावांत शिवेचा तंटा पडला की पाटील, कुलकर्णी, आसपासच्या गावचे वतनदार जमत आणि निवाड्याचा महजर होई. पण या सगळ्यांत शिवेचा खरा जाणकार मानला जाई तो गावचा महार. शीव राखणं, खुणा सांगणं, वाद झाला तर शपथेवर शीव चालून दाखवणं हे त्याच्या वतनाचं काम होतं आणि त्याच्या शब्दाला मोठं वजन होतं. आता यातली विसंगती पाहा. गावची हद्द कुठे संपते हे ज्याच्या शब्दावर ठरे, त्याचं स्वतःचं घर गावकुसाबाहेर होतं. जमिनीची शीव त्याने राखायची, आणि माणसांमधली शीव त्याच्याविरुद्ध आखलेली. हा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

इंग्रज आले आणि मोजणी सुरू झाली. ती दोन प्रकारची होती. एक आकाशाकडे पाहणारी. १८०२ मध्ये विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि त्रिकोणांची साखळी जोडत तो उत्तरेकडे सरकू लागला. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट बैलांवर आणि माणसांच्या खांद्यांवर वाहून नेत त्याने वीस वर्षं हे काम केलं. १८२३ मध्ये तो वारला तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं.

दुसरी मोजणी जमिनीकडे पाहणारी, शेतसाऱ्यासाठी. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात तिची नवी पद्धत बसवली आणि ती मुंबई इलाखाभर पसरली. हत्यार होतं शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हे चटकन कळेल: खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची, बरोबर एक इंग्रजी साखळी. आपल्या गुंठ्याची बाजू म्हणजे अर्धी खेळपट्टी. लॉर्ड्सचं मैदान आणि आजोबांचं शेत एकाच मापाने मोजलेलं आहे.

पण या मोजणीत प्रत्येक गावाचा नकाशा वेगळा तयार झाला. साखळी वापरून वापरून लांबते. उतारावर धरली तर माप वेगळं येतं. त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे जुने नकाशे कडेला कड लावून ठेवले तर रेघा जुळतीलच असं नाही. कुठे फट राहते, कुठे एकच पट्टा दोन्हीकडे दिसतो. अशा वेळी मोजणीदार नकाशाची घडी घालतो आणि हद्दीचा दगड शोधायला निघतो. इथेही दगडच जिंकतो.

महाराष्ट्राची सरहद्द वेडीवाकडी आहे ती याचमुळे. ती वरून आखलेली रेघ नाही. हजारो गावांच्या शिवा एकमेकींना जोडत गेल्यावर जी कड उरली, ती आपली सरहद्द.

बारा हजार रुपयांचा आकार

याचा सगळ्यात चमत्कारिक नमुना म्हणजे दादरा आणि नगर हवेली. नकाशावर महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यामध्ये अडकलेले दोन तुकडे. दोघांमध्ये गुजरातची पट्टी. आणि नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं गुजरातचं एक गाव. असा आकार कोणता मोजणीदार आखेल?

तो मोजणीदाराने आखलाच नाही, तो हिशेबनिसाने आखला. मराठ्यांनी पोर्तुगीजांचं एक जहाज पकडलं होतं. तो तंटा आणि इतर बाबी मिटवताना १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं. १७८३ आणि १७८५ मध्ये गावं नेमून दिली, एकूण ७२. बेरीज १२,००० ची करायची होती. गावं सलग असावीत असं कोणाच्या मनातच नव्हतं, कारण पेशव्यांच्या लेखी हे राज्य देणं नव्हतं. सरंजाम देतात तसा तो वसुलाचा हक्क होता.

पण १८१८ मध्ये पेशवाई गेली, इंग्रजांनी तिथे पोर्तुगीजांची सत्ता मानून घेतली आणि वसुलाची यादी बघता बघता देशाची सरहद्द झाली. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी हे दोन्ही तुकडे मुक्त केले. गायक-संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात होते. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि तिथे जगभरचे न्यायाधीश पेशव्यांच्या तहाचा अर्थ लावत बसले. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयाने मानलं. इंग्रजांनी मात्र पुढे पोर्तुगालचं सार्वभौमत्व मान्य केलं होतं, हेही मानलं. पोर्तुगालला तिथे नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल नेण्यापुरता रस्ता मागता येतो, फौज नेण्यासाठी नाही, आणि भारताने कोणतंही कर्तव्य मोडलेलं नाही, असा तो निकाल. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ मे ला, महाराष्ट्र राज्य जन्माला आलं.

जिल्हा की खेडं?

आता बेळगाव. आपल्यापैकी अनेकांची माहेरं, सासरं, आजोळं तिकडची. 'सीमाभाग' हा शब्द तुम्ही घरात ऐकलेला असेल, पण वाद नेमका कशाचा हे पुढच्या पिढीला क्वचित कोणी सांगतं.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने भाषावार राज्यांचा आराखडा मांडला. कामाच्या सोयीसाठी त्याने साधारणपणे जिल्हा हे एकक धरलं. जिल्हा शक्यतो मोडायचा नाही. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा त्यामुळे १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्यातला फक्त चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवला, कारण तिथे मराठी भाषकांचं प्रमाण फारच मोठं होतं. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. बेळगाव शहरातही १९५१ च्या जनगणनेत मराठी बोलणारे निम्म्याहून जास्त होते, पण ते जिल्ह्याचं ठिकाण होतं.

म्हणजे पाहा. चंदगडला तालुका हे माप लावलं, बेळगावला जिल्हा. माप बदललं आणि शेजारच्या दोन गावांची राज्यं बदलली.

महाराष्ट्राचं म्हणणं तेव्हापासून हेच आहे की खेडं हे एकक धरा. आंध्र आणि मद्रास यांच्या हद्दीचा वाद हरी विनायक पाटसकर यांनी या पद्धतीने सोडवला होता आणि १९५९ मध्ये त्याचा कायदाही झाला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही ती चार सूत्रं. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी वृद्धापकाळी उपोषण केलं आणि केंद्राने महाजन आयोग नेमला. १९६७ मध्ये आयोगाने २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवावं आणि अक्कलकोटसारखा भाग कर्नाटकाला द्यावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती फेटाळली, कर्नाटकाने उचलून धरली. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान २०१४ मध्ये कर्नाटकाने शहराचं नाव अधिकृतपणे 'बेळगावी' केलं.

दोन्ही बाजूंच्या भाषणांत एक गोष्ट नेहमी राहून जाते. सीमाभागातला माणूस बहुधा दोन्ही भाषा बोलतो. त्याची अडचण रोजची असते: मुलांची शाळा कोणत्या माध्यमाची, सातबारा कोणत्या भाषेत, कचेरीतला अर्ज कोण वाचणार. असंच दुसरं टोक चंद्रपूर जिल्ह्यात आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातला राजुरा भाग १९५६ नंतर आपल्याकडे आला, पण जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर तेलंगणाही हक्क सांगतो. तिथल्या लोकांकडे वर्षानुवर्षं दोन्ही राज्यांची रेशनकार्डं होती, मतदानही दोन्हीकडे. ऐकायला गंमत वाटते. पण दोन सरकारं असणं आणि अडीअडचणीला एकही हक्काचं नसणं यात फार अंतर नसतं.

किंग हेन्रीज रोडवरचं घर

या सगळ्या वादात सर्वांत स्वतंत्र विचार मांडणारा माणूस आपल्याच कॅमडेनमध्ये राहून गेला आहे. प्रिमरोझ हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोड इथे १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. इथल्याच ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं. तिथे स्मारक करण्यावरून कौन्सिलशी वाद झाला, सार्वजनिक चौकशी झाली आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. आपल्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील. पण त्यांनी महाराष्ट्राच्या आकाराबद्दल काय लिहिलं, हे किती जणांना माहीत आहे?

पुनर्रचना आयोगाचा अहवाल आल्यावर १९५५ मध्येच त्यांनी भाषावार राज्यांवर एक छोटं इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा: एका राज्याची भाषा एकच असावी हे बरोबर, पण एका भाषेचं राज्य एकच असलं पाहिजे हे कुठे ठरलंय? मराठी माणसांची चार राज्यं करावीत असं त्यांनी सुचवलं: मुंबई शहर, आणि पश्चिम, मध्य व पूर्व महाराष्ट्र. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना हे लिहायला धैर्य लागतं. ही सूचना तेव्हा मानली गेली नाही, आणि ती योग्य होती का यावर आजही मतभेद आहेत.

त्यांचं कारण मात्र विसरण्यासारखं नाही. भाषा एक असली तरी गावागावांत एखादी मोठी जात जमीन आणि सत्ता धरून असते. आपली भाषा बोलणारं राज्य मिळालं म्हणजे गावकुसाबाहेरच्या माणसाला न्याय मिळेलच असं नाही. म्हणून सरहद्द आखताना त्यांनी वेगळंच माप हाती घेतलं: त्या रेघेच्या आत सगळ्यांत दुबळा जो आहे, त्याचं काय होईल? ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या गावांच्या शिवा राखल्या त्याच समाजात ते जन्मले होते, आणि त्या वतनातली वेठ संपावी म्हणून १९२८ मध्येच त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. शीव कशी असते आणि ती कोणाला कुठे ठेवते, हे त्यांना कोणा मोजणीदाराने शिकवायची गरज नव्हती.

या दिवाळीत एक करा

युस्टन रोडवरची ब्रिटिश लायब्ररी आपल्या घरापासून बसच्या अंतरावर आहे. जुन्या इंडिया ऑफिसची कागदपत्रं आणि नकाशे तिथेच आहेत. वाचकांचा पास फुकट मिळतो. मुलांना घेऊन जा. आपल्या जिल्ह्याचा, जमलं तर तालुक्याचा जुना नकाशा मागवा.

पण त्याआधी भारतात फोन करा. दिवाळीच्या शुभेच्छा देऊन झाल्या की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा: आपल्या गावची शीव कुठपर्यंत? पलीकडे कोणतं गाव? शिवेवर कोणतं झाड, कोणता ओढा, कोणता देव? आणि हेही विचारा की गावकुसाबाहेर कोण राहायचं. या दुसऱ्या प्रश्नाला कदाचित थोडा वेळ शांतता मिळेल. थांबा, उत्तर येऊ द्या. मग दोन्ही उत्तरं तारीख घालून लिहून ठेवा. नकाशे लायब्ररीत सुरक्षित आहेत. शिवेवरच्या झाडांची नावं मात्र फक्त त्या माणसांकडे आहेत.